हौदातला जावई

"हा बेडूक तरी इथं राहील, नाहीतर मी तरी!" कोंबडीशेठ आमच्या बांधावर उभा राहून ओरडला, तेव्हा माझ्या सासूबाई पालकाच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी हातातल्या जुडीला गाठ मारली, ती टोपलीत ठेवली आणि मान वर न करता विचारलं, "मग तू कधी निघतोस?"

मला हसू फुटलं. पण शेजारी आमचे हे उभे होते आणि त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, म्हणून मी पदर तोंडात कोंबला आणि मुळ्याच्या वाफ्यात वाकले.

कोंबडीशेठ म्हणजे आमचा शेजारी. दोनेक वर्षांमागं त्यानं आमच्या मळ्याला लागून जमीन घेतली, पत्र्याची लांबलचक शेड ठोकली आणि तिच्यात पांढऱ्या कोंबड्या भरल्या. माणूस शहरातला. आधी त्याचं पंख्यांचं आणि इस्त्र्यांचं दुकान होतं म्हणे. कोंबड्यांचं मात्र त्याला सगळं पाठ होतं, खाद्य किती, ऊब किती, लस कधी. ते कंपनीच्या माणसानं शिकवलेलं. त्यापलीकडं मातीतलं काही विचारू नका. गाजराचा पाला कुठला आणि गाजरगवत कुठलं हे त्याला दोनदा दाखवून झालं, तरी तिसऱ्यांदा त्यानं गवतच उपटून नेलं आणि वर म्हणाला की तुमची गाजरं धरत नाहीत.

शेडच्या वासानं गाव हैराण होतं. माशा तर इतक्या की बोलायला तोंड उघडायची चोरी. आमचं मात्र त्याच्यावाचून अडलेलं. शेडमधलं खत तो आम्हाला फुकट देई आणि बदल्यात आमचे हे आठवड्यातून एकदा त्याची शेड झाडून देत. त्या खतावर आमचा कोबी असा पोसायचा की एकेक गड्डा दोन हातांनी उचलावा लागे. म्हणून आमचे हे त्याच्यापुढं कायम मिंधे. शेठ शिंकला तरी हे म्हणणार, "बरोबर आहे शेठ."

आता बेडकाकडं येते, कारण सगळं रामायण त्याच्यापायीच झालं.

त्याचं नाव जावई. मी या घरात नवी होते तेव्हाची गोष्ट. सासरे जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि सासूबाई कोणाशी बोलत नव्हत्या. एके दिवशी विहिरीतून बादली वर ओढली तर त्यात बोटाएवढं बेडकाचं पिल्लू आलं. त्याची शेपटी अजून पुरती झडली नव्हती. सासूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या, मग त्यांनी ते हौदात सोडलं आणि कितीतरी दिवसांनी आपणहून बोलल्या, "लेक काही झाली नाही. निदान जावई तरी असू दे घरात."

पुढं तो जावई म्हणून शोभलाही. दिवसभर हौदाच्या कडेला बसायचं, कामाला हात लावायचा नाही आणि समोर हललं की गिळायचं. वाढत वाढत ओंजळीत मावेना असा झाला. हललं की गिळायचं हे मी उगीच म्हणत नाही. त्याच्यापुढं मेलेल्या अळ्यांचा ढीग ठेवा, उपाशी मरेल पण ढुंकून बघणार नाही. तीच अळी हलवा, की जीभ बाहेर. म्हणून सासूबाई कोबीवरची अळी दोऱ्याला बांधून त्याच्या नाकापुढं झुलवायच्या आणि म्हणायच्या, "जेव बाबा, लाजू नको." तो घास घेतला की डोळे मिटून डोक्यात आत ओढायचा, अगदी डोळ्यांनीच घास खाली ढकलल्यासारखा. अधूनमधून अंगातली कात सदऱ्यासारखी ओढून काढायचा आणि तीही खाऊन टाकायचा. सासूबाईंना त्याचं फार कौतुक. म्हणायच्या, "बघ, कपड्यालत्त्याचा खर्च नाही."

एकदा मी साबणाचे हात हौदात बुडवले तर त्यांनी मला असं झापलं की मला रडू आलं. "अगं, तो तोंडानं पाणी पीत नाही. पोट ओलीला टेकवतो आणि कातडीनं पितो. त्याची कातडी म्हणजेच तोंड. तुझ्या तोंडात मी साबण कोंबू का?" उन्हाळ्यात तो हौदामागच्या चिखलात उतरून गडप व्हायचा. मग तिथं कोणी खुरपं लावायचं नाही, की पाय आपटायचा नाही. पाहुण्यांनाही आधी तेच सांगितलं जायचं.

मी एकदा विचारलं होतं, "आई, तो तुम्हाला ओळखतो का हो?"

"ओळखतो कसला! त्याला अळी कळते. तो माझी नाही, अळीची वाट बघतो," त्या म्हणाल्या. "पण वाट बघतो ना? या घरात म्हातारीची वाट दुसरं कोण बघतं?"

खरंच होतं ते. आम्ही दोघं कामाला जुंपलेले, त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे तेही भाजीच्या भावाचे.

त्या दिवशी सकाळी झालं असं की शेडची जाळी एका कोपऱ्याला फाटली होती. तिथून एक पिल्लू निसटलं, बांध ओलांडून आमच्या हौदापाशी आलं आणि पाणी प्यायला वाकलं. जावई कडेलाच बसला होता. एवढं जड अंग, पण उडी अशी की डोळ्याचं पातं लवायच्या आत पिल्लाचे नुसते दोन पाय त्याच्या तोंडातून बाहेर. मी पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं, आणि नशीब असं की कोंबडीशेठनंही जाळीपलीकडून पाहिलं. म्हणून तो बांधावर येऊन नाचत होता.

"आजी, या महिन्यात माझी पंधरा पिल्लं गेली!"

"एक गेलं," सासूबाई म्हणाल्या. "ते यानं खाल्लं. मी नाही म्हणत नाही. त्याची भरपाई म्हणून माझी अंड्यावरची कोंबडी ने. आत्ता ने."

"मला कोंबडीचा काय तोटा? मला तो बेडूक पाहिजे."

"कशाला?"

"मारायला!"

"मग नाही मिळायचा. आणि बाकीची पिल्लं तू तुझ्या शेडखाली शोध. घुशींनी बिळं केलीत तिथं, मला इथून दिसतात. यानं एक पिल्लू गिळलं की चार दिवस डोळे मिटून पडतो. पंधरा गिळली असती तर आज हौदात नाही, दवाखान्यात असता."

कोंबडीशेठ मग आमच्या ह्यांच्याकडं वळला. आवाज एकदम मऊ. "तुम्ही शहाणे आहात. तुम्हीच सांगा तुमच्या आईला. आपलं किती छान चाललंय. खत म्हणू नका, काय म्हणू नका. ते सगळं एका बेडकापायी नासवायचं का?"

"बरोबर आहे शेठ," आमचे हे म्हणाले. मग आईकडं वळून, जमिनीकडं बघत, "आई, मी त्याला लांब ओढ्यावर सोडून येऊ का? तिथं त्याचे भाऊबंदही भेटतील."

सासूबाईंनी सुतळी दातानं तोडली. "लहानपणी तू शेजारच्यांचे पेरू चोरून खायचास. मी तुला सोडून आले होते का ओढ्यावर?"

कोंबडीशेठ तणतणत गेला तो थेट लोहाराच्या पडवीत. पावसाळी दिवस होते, वाफसा नव्हता, त्यामुळं कामं अडलेली माणसं तिथंच बसून असायची. लोहार म्हणजे माझ्या सासऱ्यांचा दोस्त, वयानं मोठा, आणि गावात कोणाचं कोणाशी वाजलं की मिटवायला माणसं त्याच्याकडंच जायची. संध्याकाळी आम्हालाही बोलावणं आलं. सासूबाई पुढं, मी मागं, आणि आमचे हे सगळ्यांत मागं, छत्री उघडी असून भिजत.

मला वाटलं होतं गाव आमच्या बाजूनं बोलेल. कसलं काय! बेडूक म्हटल्यावर निम्मे आधीच दात काढायला लागले. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, बेडूक काय, पावसात पोत्यानं मिळतील. एकासाठी शेजार कशाला तोडता?" दुसऱ्या कोणीतरी री ओढली. आमच्या ह्यांनी तर मान अशी डोलावली की मला त्यांना तिथंच चिमटा काढावासा वाटला.

लोहारानं विचारलं, "शेठ, बेडूक तोच कशावरून? आमच्याकडं बेडकांना तोटा नाही."

"तोच! मी डोळ्यांनी बघितलाय. शेणमातीच्या रंगाचा, मळकट, हिरवट झाक असलेला. या एवढा. हजारांत ओळखीन मी त्याला."

"आणि वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं काय असायचंय, भावजी? पिल्लू खाल्लं, भरपाई देते. जीव देणार नाही. माझ्या हौदात हात घालायची ज्याची छाती असेल त्यानं आधी मला ओलांडावं."

पुन्हा हशा झाला. गिरणीवाल्यानं "अहो वहिनी" म्हणून समजूत घालायला सुरुवात केली, आणि कोण जाणे, अजून थोडा वेळ गेला असता तर सगळ्यांनी मिळून त्यांना वळवलंही असतं. पण कोंबडीशेठला तेवढा धीर कुठला! तो उठला आणि हात झटकून म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय आणि तुम्ही तिची मनधरणी करत बसलाय! कुठं येऊन पडलो मी. सगळं गावच बेडकांचं. पाऊस आला की नुसतं डरांव डरांव, कामाचा एक नाही."

पडवीतलं हसणं तिथंच थांबलं. गिरणीवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लोहारानं हातातला चिमटा खाली ठेवला, पागोळीखाली जाऊन आभाळाकडं बघितलं. आभाळ काळं कुळकुळीत होतं. तो परत येऊन अगदी गोड आवाजात म्हणाला, "ठीक आहे शेठ. आता पाऊस लागणार आहे, तो उघडू दे. उघडीप झाली की चार माणसं घेऊन आपण हौद बघू. तुम्ही सांगितला तसला, शेणमातीच्या रंगाचा बेडूक सापडला तर तुमचा. कबूल?"

"कबूल!" कोंबडीशेठ म्हणाला.

"मला कबूल नाही," सासूबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. मला मात्र रस्ताभर तो लोहार आभाळाकडं असं का बघत होता, याचंच कोडं पडलं होतं.

मग पाऊस लागला. असा लागला की बांध कुठला आणि वाफा कुठला ते कळेना. हौद काठोकाठ भरून वाहायला लागला, खालच्या पडीक रानाचं तळं झालं आणि सगळीकडून बेडकांचा गजर सुरू झाला. पावसाचा जोर जरा ओसरला तेव्हा मी डोक्यावर पोतं घेऊन हौदाकडं गेले आणि बघते तर काय, आमचा जावई लिंबासारखा पिवळाधमक! मळकट रंगाचा ठिपकासुद्धा कुठं दिसेना. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेशार फुगे फुगवून तो ओरडत होता आणि समोरच्या तळ्यातून त्याला जबाब येत होते.

आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पावसाचा जोर झाला, माद्या तळ्यावर आल्या की मोठा नर असा पिवळा होतो, चार दिवस मिरवतो आणि पुन्हा मातीचा रंग घेतो. दरवर्षी बघते मी. तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी चिखलातून पळत घरात आले.

"आई! लोहारकाकांनी शेठला बरोबर गुंडाळलाय! जावई पिवळा झालाय!"

सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मला वाटलं हसतील. त्यांनी कपाळाला आठी घातली. "हे मला नाही आवडलं."

"अहो, खोटं कुणी बोलायचंच नाहीये. तो येईल, बघेल, जाईल. तुम्ही फक्त गप्प बसायचं."

"गप्प बसणं मला कधी जमलंय का?"

"जावयासाठी जमवा."

त्या बराच वेळ काटक्या मोडत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "एक दिवस. एकच दिवस जमवीन."

उघडीप पडली तशी मंडळी आली. सगळ्यांत पुढं कोंबडीशेठ, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात पोतं, दुसऱ्या हातात काठी. मागं लोहार, गिरणीवाला आणि त्यांच्यामागं रिकामं गाव. आमचे हे गोठ्याच्या दारात उभे. त्यांनाही पिवळ्याचं ठाऊक होतंच, त्यामुळं त्यांच्या मनातलं मला ओळखता येईना. एक शब्द त्यांच्या तोंडून गेला असता तर खेळ खलास.

जावई हौदाच्या कडेला, उन्हात, एखाद्या नवरदेवासारखा बसला होता.

कोंबडीशेठ थबकला. त्यानं वाकून बघितलं, मागं सरून बघितलं. "हा कोण?"

लोहार मिशीला पीळ देत राहिला. गिरणीवाल्याला एकदम खोकला आला.

"हा तो नाही," कोंबडीशेठ म्हणाला. "तो मळकट होता. हा वेगळाच आहे, पिवळा. तो कुठं गेला?"

"हौद तुमच्यासमोर आहे," लोहार म्हणाला. "बघून घ्या."

मग शेठनं काठीनं हौद ढवळला. शेवाळ उपसलं, कडेचे दगड उलटे केले, हौदामागच्या चिखलात काठी खुपसून पाहिली. घामानं डबडबला, बुटात पाणी गेलं, पण मळकट बेडूक काही निघेना. एवढी सगळी माणसं, ज्यांच्या कित्येक पिढ्या या चिखलात गेल्या, ती हाताच्या घड्या घालून उभी होती आणि एकाच्याही तोंडून अवाक्षर निघालं नाही. आमच्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं तेही पोटात ठेवता येत नाही कोणाला. त्या दिवशी मला त्या सगळ्यांबद्दल अशी माया वाटली की सांगून सोय नाही.

कोंबडीशेठनं शेवटी आमच्या ह्यांना विचारलं, "तुम्ही तरी सांगा. दुसरा बेडूक आहे का इथं?"

"नाही शेठ," आमचे हे म्हणाले. "हौदात हा एकच आहे." शब्दन् शब्द खरा होता.

"मग या पिवळ्याशी तुमचं काही भांडण?" लोहारानं विचारलं.

"याच्याशी कसलं भांडण? यानं माझं काय केलंय?"

"बघा हं, चार माणसांत बोलताय. याच्या केसालाही धक्का लावणार नाही?"

"अहो नाही म्हणतो ना! शब्द देतो." आणि मग तो पुन्हा वाकून जावयाकडं बघायला लागला. "हा तर देखणा आहे. आजी, विकता का? ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवीन."

सासूबाईंचे ओठ थरथरत होते. हसण्यानं नव्हे, गप्प बसण्यानं. "जावई विकायची पद्धत अजून निघाली नाही," एवढंच बोलून त्या घरात गेल्या.

त्या रात्री गावात कोणी पोट धरून हसलं नसेल असं घर नव्हतं. आमच्या घरात मात्र सासूबाई जेवल्या नाहीत.

पुढं पाऊस उणावला. जावयाचा पिवळा रंग फिकटला, मग काठाकाठानं मातकट झाला आणि बघता बघता तो पूर्वीसारखा शेणमातीच्या रंगाचा होऊन बसला. आमच्या ह्यांची झोप उडाली. ते हौदावर टाकायला पत्रा घेऊन आले.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"झाकतो. शेठची नजर पडली तर?"

"झाकायला मी काय चोरी केलीय?"

"आई, आता मिटलंय ना सगळं! कशाला उकरून काढतेस?"

"मिटलं कुठं? लोकांनी झाकलं. मी त्यांच्या उपकारात आहे, पण मला घास गोड लागत नाही. माझ्या जावयानं काही केलं तर ते मी तोंडावर कबूल करते आणि त्याला द्यायचं नसेल तर तोंडावर नाही म्हणते. असं रंगामागं लपून राहायला मी अजून म्हातारी झाले नाही."

त्यांनी हात साध्या पाण्यानं धुतले, जावयाला उचलून बादलीत ठेवलं, बादलीत ओलं गवत टाकलं. काखेत अंड्यावरची कोंबडी धरली आणि भर दुपारी निघाल्या. मी धावले. "आई, बादलीवर झाकण तरी घाला!" त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. गावातून तशाच गेल्या, उघडी बादली, काखेत कोंबडी. दारादारांतून माणसं बाहेर आली. लोहारानं त्यांना येताना पाहिलं, बादलीत डोकावलं आणि डोक्याला हात लावला.

"वहिनी, अहो, एवढं जमवलं होतं!"

"तुमचे उपकार आहेत, भावजी. आता पुढचं माझं मी बघते."

शेडच्या फाटकाशी कोंबडीशेठ खाद्याची पोती उतरवून घेत होता. सासूबाईंनी बादली त्याच्या पायांशी ठेवली.

"हा बघ. हाच तो मळकट. तुझं पिल्लू यानंच खाल्लं."

कोंबडीशेठ बादलीत बघत राहिला. "हा कुठं सापडला? त्या दिवशी तर..."

"त्या दिवशीही हाच होता. पिवळा होता तो हाच. पावसात नर रंग बदलतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुलाच नव्हतं."

त्याचा चेहरा जावयापेक्षा भराभर रंग बदलायला लागला. त्यानं सासूबाईंकडं पाहिलं, मग त्यांच्यामागं जमलेल्या गावाकडं. "म्हणजे तुम्ही सगळे... सगळ्यांनी मिळून मला..."

"बेडकांचं गाव आहे शेठ," गिरणीवाला मागून म्हणाला. "डरांव डरांव सोडून आम्हाला दुसरं काय येतंय?"

"मग आता हा माझा!" कोंबडीशेठ ओरडला. "कबूल झालं होतं!"

"माझं कबूल नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि याला धक्का लावणार नाही असा शब्द तू दिलायस, चार माणसांत. शब्द मोडायचा असेल तर मोड. मी अडवत नाही. ही बादली, हा बेडूक. घाल हात."

त्यानं बाह्या सारल्या आणि हात घातला. जावई फुगून दुप्पट झाला. लोकांना वाटतं बेडकाला दात नसतात. असल्या मोठ्याच्या खालच्या जबड्यात दोन असे टोचे असतात की धरलं तर सोडत नाही. कोंबडीशेठ जो किंचाळला, त्यानं शेडमधल्या सगळ्या कोंबड्या एकदम ओरडायला लागल्या. बोट सोडवून घेतलं तेव्हा त्याच्यावर रक्ताचे दोन थेंब होते.

सासूबाईंनी काखेतली कोंबडी त्याच्या फाटकाला बांधली. "ही एका पिल्लाची भरपाई. आपला हिशेब चुकता. आणि शेडखालच्या घुशींचं काहीतरी कर, नाहीतर उद्या हिलाही नेतील."

"खत बंद!" बोट तोंडात धरून कोंबडीशेठ ओरडला. तो आमच्या ह्यांच्याकडं बघून ओरडला, कारण ते कधी येऊन गर्दीत उभे राहिले होते ते मलाही कळलं नव्हतं. "ऐकलंत का? एक पाटी मिळणार नाही! पिकवा आता कोबी!"

मला वाटलं, आता हे म्हणणार, बरोबर आहे शेठ.

आमचे हे पुढं आले. त्यांनी खाली वाकून बादली उचलली, जड होती म्हणून हात बदलला. "बंद तर बंद," ते म्हणाले. मग आईला म्हणाले, "चल. त्याला ऊन लागतंय."

दोघं चालायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा म्हणून मला ते त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडले.

त्या साली आम्ही ओढ्याचा गाळ डोक्यावरून वाहून मळ्यात टाकला. माझी मान महिनाभर वळत नव्हती. तरी कोबीचे गड्डे मुठीएवढेच धरले. बाजारात एक बाई गड्डा हातात घेऊन म्हणाली, "एवढासाच? गेल्या वर्षी तर केवढा होता!"

"गेल्या वर्षी मान खाली घालून पिकवला होता," सासूबाई म्हणाल्या. "घ्यायचा तर घे, नाहीतर ठेव खाली."

बाईनं घेतला.